वंशावळीतला एक चौकोन

रायपूरला मी आजवर चार वेळा गेलो आहे. सुनूच्या लग्नाला, तिच्या मुलीच्या बारशाला, तिच्या सासऱ्यांच्या तेराव्याला, आणि आता या जानेवारीत. पहिल्या तिन्ही वेळा कार्य उरकलं की मिळेल त्या गाडीनं मी परत फिरलो. या खेपेला सहा दिवस राहिलो. रायपूर कसं आहे असं पुण्यात कोणी विचारलं की मी पोह्यांबरोबर मिळणाऱ्या जिलेबीचं सांगतो, जागोजागच्या तळ्यांचं सांगतो, पंडरीच्या कापडबाजाराचं सांगतो. सगळं खरंच असतं. पण मी तिथं काय करून आलो ते सांगत नाही. ते इथं लिहितो.

सुनू म्हणजे सुनंदा, माझी एकुलती बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आम्ही मूळचे यवतमाळचे. मी नोकरीसाठी पुण्यात आलो आणि दोन-चार वर्षांत बोलण्यातलं ‘मले-तुले’ पुसून टाकलं. तिचं तसंच राहिलं, वर रायपूरची हिंदी चढली. तिच्या सासरचे लोक भोसल्यांच्या काळापासून तिकडचे. पंडरीत त्यांचं कापडाचं ठोक दुकान आहे. तिला एकच मुलगी, रेवा. सतरा वर्षांची. रेवाला ऑटिझम आहे.

नोव्हेंबरात सुनूचा फोन आला. रायपुरात काही संशोधक ऑटिझम असलेल्या मुलांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा घेत होते, आणि घरच्यांची जनुकंही तपासत होते. आईबाबांच्या सख्ख्या भावंडांपैकी कोणी आलं तर त्यांना हवंच होतं.

“येशीन का दादा?” ती म्हणाली. “माह्या बाजूनं तूच एक आहे.”

मी लगेच हो म्हटलं. तिला फार बरं वाटलं. तिला माहीत नव्हतं, मी का हो म्हटलं ते. माझ्या गार्गीचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. मुलाची आई डॉक्टर. बैठकीत त्यांनी सहज विचारलं होतं, घरात काही आजार वगैरे? मी म्हणालो होतो, “छे. रायपूरला एक भाची आहे, ती जन्मताना गुदमरली होती, तेवढंच.” रेवा जन्मताना गुदमरली नव्हती. ते मी तिथल्या तिथं रचलं. आता तिकडं घराण्याची कागदोपत्री नोंद होणार असेल, तर त्या खोलीत आपण बसलेलं बरं, एवढ्यासाठी मी रायपूरला निघालो.

टिकरापारा

स्टेशनवर माझे मेहुणे विलासराव घ्यायला आले होते. अतिशय सौम्य माणूस. वाटेत त्यांनी स्कूटर एका ठेल्यापाशी थांबवली आणि पोहे-जिलेबी खाऊ घातली. आपल्याकडं पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर. इथं शेव, कांदा, आणि शेजारी गरम जिलेबी, दोन्ही एकाच घासात. मी जिलेबी शेवटी खाल्ली तर ठेलेवाला म्हणाला, “भैया, संग-संग खाओ ना.”

सुनूचं घर टिकरापाऱ्यातल्या एका गल्लीत. इकडं वस्तीला पारा म्हणतात. गच्चीवर तिनं पांढरे पडदे वाळत घातले होते ते घाईघाईनं काढत होती. उत्तरेचा वारा सुटला की उरल्या-सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची काळी पूड उडत येते. मी अनवाणी दोन खोल्या फिरलो तर तळपाय काळे.

रेवा व्हरांड्यात बसली होती. उंच, सावळी, केस घट्ट वेणीत. मी तिला याआधी दोनदाच पाहिलं होतं.

“कशी आहेस रेवा?” मी विचारलं.

“कशी आहेस रेवा,” ती माझ्याच पुणेरी सुरात म्हणाली, माझ्याकडं न बघता.

मी हसलो. सुनू हसली नाही. “ते तिची ओळख करून घ्यायची तऱ्हा आहे,” एवढंच म्हणाली.

मागच्या खोलीत सुनूनं एक बोगदा उभारला होता. पलंगावर बांबूच्या कमट्यांच्या कमानी, त्यांवर दुकानातलं काळं कापड. एमआरआयच्या यंत्रात चाळीस मिनिटं हलायचं नाही, आणि आवाज फार मोठा. गुंगीचं औषध द्यायचं नाही असा संशोधकांचा नियम. म्हणून तपासणी केंद्रातून यंत्राच्या आवाजाचं रेकॉर्डिंग आणून, डोक्यावर प्लॅस्टिकची जाळीची टोपली ठेवून, दोन महिने रोज सराव चालला होता.

“पहिले पंधरा दिवस मीच झोपली आत,” सुनू म्हणाली. “ते दारात उभी राहून पाहे. मग एक दिवस मले बाजूले सरकवलं अन् स्वतः शिरली.”

दुपारी जेवायला फरे होते. तांदळाच्या पिठाचे, बोटभर लांबीचे, वाफवलेले, वरून तीळ-मोहरीची फोडणी. रेवाच्या ताटात सगळे एका मापाचे कापून, एका रांगेत लावलेले. बोलता बोलता मी हात लांबवून त्यातला एक उचलला आणि तोंडात टाकला. आपल्याकडं भाचीच्या ताटातलं खाणं म्हणजे लाड. रेवानं ताट बघितलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. ती कपाळावर मुठी मारायला लागली. विलासरावांनी उठून तिचे हात धरले. सुनूनं स्वयंपाकघरात जाऊन पट्टी लावून नवे फरे कापले आणि पूर्ण रांग नव्यानं लावून आणली. या सगळ्याला अर्धा तास गेला. मी तेवढा वेळ मान खाली घालून बसलो होतो, आणि माझ्या मनात आलं, नशीब, माझी गार्गी अशी नाही. आलं ते आलं. लपवून काय उपयोग.

पंडरी

दुसऱ्या दिवशी विलासराव मला दुकान दाखवायला घेऊन गेले. पंडरीचा बाजार आपल्या लक्ष्मी रोडसारखा नाही. इथं गिऱ्हाईक साडी बघायला येत नाही, गाठी मोजायला येतं. गल्लीभर कोऱ्या कापडाचा वास. रेवा दुपारचे दोन तास दुकानात येते. तागा उलगडला गेला की तो परत गुंडाळायचं काम तिचं, आणि त्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

मी गादीवर बसून चहा पीत तिच्याकडं बघत होतो. तागा गुंडाळायच्या आधी ती कापडाचा काठ अंगठ्याखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायची. डोळे अर्धे मिटलेले. ओठांत काहीतरी पुटपुटणं. शेवट आला की एकदा मान डावीकडं वळवायची.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, वसंताकाका, अगदी असंच करायचा. आईच्या लुगड्याचा काठ, वडिलांच्या धोतराचा काठ, अंगठ्याखालून, टोकापर्यंत, आणि मग मान डावीकडं. तो आमच्या यवतमाळच्या घरी मागच्या खोलीत राहायचा. मोजकं बोलायचा, तेही बहुधा आपण बोललेलंच परत. माझे मित्र खेळायला आले की त्या खोलीला बाहेरून कडी लागायची. ती कडी मी लावायचो. सुनू काही महिन्यांची असताना त्याला वर्ध्याच्या पलीकडल्या एका गावातल्या आश्रमात ठेवलं. लोकांना काय सांगायचं ते घरात ठरलं, आणि पुढं सुनूलाही तेच सांगितलं: एक काका होता, तो लहानपणीच वारला. आईवडील तसंच सांगत सांगत गेले. ते गेल्यावर हे माहीत असलेला मी एकटा उरलो.

“क्या हुआ दादा, चाय ठंडी हो गई?” विलासरावांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

चौकोन आणि गोल

संध्याकाळी केंद्रात जायचं होतं. एका खाजगी तपासणी केंद्राचं यंत्र संशोधक रविवारी भाड्यानं घेत. शनिवारी नुसत्या मुलाखती. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टर साहू तिथल्याच, पस्तिशीच्या, बोलताना पेन्सिल हातात फिरवणाऱ्या. प्रत्येक वाक्याला समोरच्याला “हव” म्हणून दाद द्यायच्या. छत्तीसगढीत हव म्हणजे हो.

त्यांनी आधी आम्हाला नीट समजावलं. एमआरआयची प्रतिमा बघून एखाद्याला ऑटिझम आहे की नाही ते सांगता येत नाही, आणि रेवाला याचा लगेच काही फायदा होईल असंही त्या म्हणणार नाहीत. पण पुष्कळ लोकांच्या प्रतिमा एकत्र ठेवल्या की मेंदूच्या जोडणीतले बारीक फरक दिसू लागतात. काही घरांत जनुकांचा एखादा छोटा तुकडा गळालेला असतो, किंवा दुप्पट झालेला. तोच तुकडा एकाच घरातल्या दोघांत असतो. एकाला ऑटिझम असतो, दुसऱ्याला नसतो. दुसऱ्याचा मेंदू मग कसं काय सांभाळून घेतो? “इसीलिए हमको आप जैसे लोग चाहिए, सर. जिनको कुछ नहीं है.”

मग त्यांनी कोरा कागद घेतला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. रेवाचा गोल काळा भरला. वर सुनू, विलासराव. विलासरावांची बाजू झाली. मग त्या माझ्याकडं वळल्या.

“नाना की तरफ? नाना के भाई-बहन? कोई ऐसा जो कम बोलता हो, अकेला रहता हो, जिसको घर में ‘थोड़ा अलग है’ कहते हों?”

“एक काका होते म्हणे,” सुनू म्हणाली. “पण लहानपणीच गेले ना, दादा?”

“हो,” मी म्हणालो. “चार वर्षांचा असताना. तापानं.”

“बोलते थे?” डॉक्टरांनी विचारलं.

“चांगलं बोलायचा, असं वडील सांगायचे. हुशार होता.”

डॉक्टरांनी एक लहान चौकोन काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. गेलेल्या माणसाची खूण. मी ती रेघ मारताना बघितली.

निघताना मी त्यांना बाजूला घेतलं. माझ्या मुलीचं नाव यात कुठं येणार का, लग्न ठरलंय, असं जरा हळू आवाजात विचारलं. त्या चकित झाल्या. “नाम तो किसी का नहीं जाता, सर. सिर्फ़ नंबर. घर के बाहर किसी को पता नहीं चलेगा.”

म्हणजे मी खोटं बोललो नसतो तरी चाललं असतं.

रात्रीच्या जेवणाला सुनूनं लाल भाजी आणि आपल्याकडचा वडाभात केला होता. रेवा झोपायला गेली होती. वाढता वाढता सुनू म्हणाली, “तू आला म्हणून एक तर पक्कं झालं.”

“काय?”

“आपल्याकडं कोणी नव्हतं ते. म्हणजे माह्याच हातून झालं.” ती अगदी साध्या आवाजात बोलत होती. “पाचव्या महिन्यात दिवाळीले पडदे लावून राहिली होती. स्टुलावरून पडली. यांनी नाही म्हटलं होतं, माणूस लावून देईन म्हणून. मीच चढली. डॉक्टर म्हणे काही नाही झालं. पण मले माहीत होतं.”

“अगं, असं काही नसतं,” विलासराव म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुष्कळदा म्हटलेलं असावं. त्यात आता जोर उरला नव्हता.

“नसंन,” सुनू म्हणाली. “दादा, भात घे ना अजून.”

मी भात घेतला. खाल्लाही. सतरा वर्षं तिनं ते स्टूल मनात वागवलं, आणि तेवढीच वर्षं माझ्याकडं तिला सांगण्यासारखं काहीतरी होतं. त्या क्षणीही मला बोलता आलं असतं. मी लोणचं मागितलं.

यंत्रात

रविवारी सकाळी रेवाची पाळी आधी. सुनू काळजीनं पांढरी पडली होती, रेवा मात्र शांत. तिच्या हातात तीन चित्रं असलेली कार्डं दिली होती: चालेल, नको, थांबा. प्रत्येक गोष्ट करण्याआधी डॉक्टर साहू तिच्यासमोर बसून विचारायच्या आणि ती कार्डाला बोट लावेपर्यंत वाट बघायच्या. सतरा वर्षांत तिच्या मामानं तिला काही विचारलं नव्हतं, आणि ज्या दिवशी विचारलं त्या दिवशी उत्तरावर हसला होता.

यंत्राच्या खोलीत एका नातेवाइकाला थांबू देतात. सुनू तिच्या पायाशी बसली. मी आणि विलासराव काचेपलीकडं. रेवा यंत्राच्या सरकत्या पाळण्यात निजली, चेहऱ्यावर जाळीचा टोप बसवला, आणि पाळणा आत सरकला. मग आवाज सुरू झाले. काचेतूनही छातीत ठोके पडत होते: टक-टक-टक, मग भिंतीत छिद्र पाडल्यासारखं, मग भोंगा. रेवाची पावलं बाहेर दिसत होती. चाळीस मिनिटांत डाव्या पायाचा अंगठा दोनदा हलला. पडद्यावर मेंदूच्या करड्या चकत्या एकामागून एक येत होत्या, आणि टेक्निशियन म्हणाला, “एकदम साफ! बड़े लोग भी ऐसे नहीं लेटते.” विलासरावांनी चष्मा काढून पुसला.

नंतर मी. पट्टा, घड्याळ, चष्मा काढून ठेवला. हातात रबरी फुगा दिला. फारच वाटलं तर दाबायचा. मी म्हणालो, मला नाही लागणार. पाळणा आत गेला. नाकापासून वीतभर अंतरावर छत. डोळ्यांसमोरच्या आरशात पांढरी फुली, तिच्याकडं बघत राहायचं. आणि कडी लागल्यासारखा एक आवाज झाला. यंत्राचाच असणार. पण मला बंद खोलीत आतल्या बाजूला असल्यासारखं झालं. सहा मिनिटंही झाली नसतील, मी फुगा दाबला, दाबतच राहिलो.

बाहेर आलो तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता. रेवा बाकावर बसून केळं खात होती. सुनू मला पाणी देत म्हणाली, “असू दे दादा, होते असं. तुले सराव नव्हता ना.” तिचा तो समजूतदारपणा मला सोसेना.

खारून

सोमवारी दुपारी आम्ही महादेव घाटावर गेलो. खारून नदी तिथं रुंद आणि संथ आहे. पायऱ्यांवर नारळ-फुलांची दुकानं, आणि पाण्यात रंगीत नावा. विलासराव रेवाला घेऊन नावेत बसले. सुनू आणि मी पायरीवर.

मी बोललो ते असं. “सुनू, वसंताकाका लहानपणी गेला नाही.”

ती शेंगा सोलत होती. “म्हणजे?”

“मोठा झाला. आपल्याच घरात. तू झालीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. मग त्याला आश्रमात ठेवला.”

“कशासाठी?” असं विचारून ती थांबली. मग हळूच म्हणाली, “बोले का तो?”

“मोजकं. आपण बोललेलंच परत म्हणायचा. आणि कापडाचा काठ अंगठ्यानं...” मी हातानं दाखवलं.

सुनूनं नदीकडं बघितलं. नाव मध्यावर गेली होती, रेवाचा हात पाण्यात होता.

“काल डॉक्टरीणबाईपुढं तू म्हटलं तापानं गेला. चार वर्षांचा.”

“परवा. हो.”

“अन् रात्री मी स्टुलाचं सांगितलं तेव्हाही तू तिथंच होता. भात खाऊन राहिला होता.”

मी मान हलवली.

“काहून दादा?”

“लाज वाटायची.”

“काकाची?”

“हो.”

“अन् रेवाची?”

मी नावेकडं बघत राहिलो. तेच उत्तर तिनं घेतलं. शेंगांची टरफलं तिनं पदरात गोळा केली, एकही पायरीवर पडू दिलं नाही.

“कोणत्या गावी आहे तो आश्रम?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“मेला कधी?”

“मी कॉलेजात असताना,” मी म्हणालो.

हे खोटं होतं. एवढं सगळं कबूल केल्यावर शेवटी जीभ पुन्हा जुन्या वाटेला गेली. का, ते मी आजही धड सांगू शकत नाही. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, आता याहून जास्त सांगितलं तर ही उठून जाईल. ती तशीही उठून गेली. परतताना स्कूटरवर विलासरावांच्या मागं बसली, आणि मी आणि रेवा मागून ऑटोनं. रेवानं ऑटोत माझ्या शर्टाच्या बाहीची शिवण अंगठ्याखाली धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सुनू माझ्याबरोबर केंद्रात आली. मी डॉक्टर साहूंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तो कागद काढला, खोडरबरानं मी रचलेला चार वर्षांचा पोरगा पुसला आणि तिथं मोठा चौकोन काढला. अर्धा भरला, म्हणाल्या, खात्रीनं सांगता येत नाही म्हणून अर्धा. वर तिरकी रेघ.

मग सुनूनं स्वतःच विचारलं. “मॅडम, एक बात. मैं पाँचवें महीने में गिरी थी.”

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. “दीदी, एक काका से कुछ साबित नहीं होता. जाँच में भी शायद कुछ न निकले. पर स्टूल से गिरने से ये नहीं होता. इतना मैं आपसे कह सकती हूँ.”

“हव,” सुनू म्हणाली. तिनं टेबलाची कडा धरून ठेवली होती.

माझ्या थुंकीचा नमुना घ्यायचा होता. एका नळीत खुणेपर्यंत थुंकायचं. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की त्याला अर्धा तास लागला. त्या दोघी समोर बसून वाट बघत होत्या.

स्टेशनवर विलासराव सोडायला आले. सुनूनं डबा दिला होता. त्यात ठेठरी आणि खुरमी होती, तिकडचे सणाचे तळलेले पदार्थ. ती दारात मात्र आली नाही.

पुण्यात

घरी आल्यावर बायकोला आणि गार्गीला समोर बसवून सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, बत्तीस वर्षं मलाही? गार्गी म्हणाली, “तुम्ही आत्याकडं खोटं बोलायला गेलात, आणि ते माझ्यासाठी?”

“तुझं लग्न—”

“माझ्या लग्नावर ढकलू नका, बाबा. लाज तुम्हाला वाटत होती.” तिनं त्याच दिवशी मुलाला सांगितलं, आणि त्याच्या आईलाही, रेवा गुदमरली नव्हती यासकट. त्या बाईंनी मला फोन करून शांतपणे विचारलं की मी आधीच का बोललो नाही. लग्न ठरल्या तारखेला होणार आहे. त्यांच्याकडं गेलो की मला अजून धड वर बघता येत नाही.

सुनूचा फोन महिना दीड महिना आला नाही. मी केला की विलासराव घ्यायचे. मग मार्चमध्ये एका सकाळी तिचा आला. मागं कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज, आणि रेवाचं पुटपुटणं.

“दादा, आम्ही आश्रमात आलो आहे,” ती म्हणाली. “इथले लोक चांगले आहेत. त्यांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. भेटायला येणाऱ्यांचं.”

मी खुर्चीत बसलो.

“बाबांचं नाव दर दिवाळीले आहे. पंचवीस वर्षं. एकही दिवाळी चुकली नाही. मग बाबा गेले. त्याच्यानंतर सहा वर्षं कोणाचंच नाव नाही.” ती वाचत असल्यासारखी बोलत होती. “तो सहा वर्षं होता, दादा. एकटा. तो गेला तेव्हा माही रेवा दोन वर्षांची होती. इथून रायपूर एका दिवसाचा रस्ता आहे. मी आणली असती रे तिले इथं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुले माहीत होतं?”

“हो,” मी म्हणालो. “बाबा गेल्यावर आश्रमाचं पत्र मला आलं होतं. मी गेलो नाही. तो गेल्याचं कार्डही आलं. तेव्हाही गेलो नाही.”

ती फोन ठेवेल असं मला वाटलं. तिनं ठेवला नाही. कोणीतरी तिला चहा विचारला, ती नको म्हणाली.

“अजून काही राहिलं असंन तर आत्ताच सांग,” सुनू म्हणाली. “मी बसली आहे इथं.”

राहिलं होतं. काकाला आश्रमात न्यायचं होतं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. काका घराबाहेर पडायला तयार होईना. वडिलांनी समजावलं, ओढलं, तो खिडकीचा गज सोडेना. तो फक्त माझं ऐकायचा, कारण कडी लावणारा मीच असलो तरी काढणाराही मीच असायचो. मग वडिलांनी मला पुढं केलं. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, चल काका, जत्रेला जाऊ. “जत्रेला जाऊ,” तो म्हणाला, आणि गज सोडून माझ्याबरोबर चालत बसस्टँडवर आला. बसमध्ये चढून खिडकीशी बसला. मला शाळा होती. मी खाली उतरलो, आणि बस सुटेपर्यंत तो माझ्यासाठी शेजारची जागा हातानं झाकून बसला होता.

हे मी सुनूला सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. ती शेवटपर्यंत ऐकत होती.